काकाजींचं पथ्य

काकाजींसारखा पेशंट आहारतज्ज्ञाला नोकरीत एखादाच भेटतो. सांगितलं ते सगळं होणार. चहातली साखर बंद म्हटलं की त्याच दिवशी बंद. भात सोडा म्हटलं, सोडला. दर महिन्याला रक्त तपासून यायचे आणि पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवायचे. कोळशाच्या खाणीत सुपरवायझर होते, निवृत्त झाले होते. राजूरला स्वतःचं घर, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा सदरा. डॉक्टर बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघा, याला म्हणतात पथ्य पाळणं."

मी तेव्हा वणीकडच्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटावर होते. शुगर-बीपीच्या पेशंटनी काय खायचं, काय नाही, ते सांगायचं, एवढंच माझं काम. वरून छापून आलेले तक्ते होते. त्यात ओट्स होते, सफरचंद होतं, ऑलिव्ह तेलसुद्धा होतं. राजूरच्या बाजारात यातलं काय मिळतं हे तक्ता छापणाऱ्यानं कुणाला विचारलं नसावं. मी तक्ते बाजूला ठेवायचे आणि आधी विचारायचे, घरी काय शिजतं? पुरुषांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. वरणात तूर किती, भाजीत तेल किती, त्यांना माहीत नसतं. ते वळून बायकोकडे पाहतात. म्हणून पुरुष पेशंट आला की सोबत बायको असतेच. बाई पेशंट असली की ती एकटी येते, फार तर शेजारणीला घेऊन. नवरा आलाच तर बाहेर गाडीला टेकून उभा असतो. बायकोनं काय खावं हे समजून घ्यायला आत येऊन बसलेला नवरा मी अजून पाहिलेला नाही.

काकाजींबरोबर काकू यायच्या. ठेंगण्या, अंगानं सुकलेल्या, दोन्ही खांद्यांवरून पदर. माझ्या तोंडाकडे त्या फारशा बघत नसत, हाताकडे बघत. मी वाटी उचलून दाखवली की वाटी, चमचा दाखवला की चमचा, सगळं डोळ्यांनी मोजून घेत. मग हळू आवाजात उजळणी.

"म्हणजे ढेमसं चालते, आलू नाई."

"हो."

"बरबटीची उसळ चालते. तेल चमचाभर. मेथीदाने रातीच भिजू घालाचे."

"हो काकू."

काकाजी तोवर मोबाइल बघत असायचे. मध्येच मान वर करून म्हणायचे, "समजलं न तुले? मग चाल."

त्यांच्या घरात स्वयंपाक दोनदा व्हायचा. मुलगा एका कंपनीत नोकरीला होता. त्याचा डबा पहाटेच निघायचा. त्यात पोळी, आलूची भाजी, भात. मुलीचं लग्न होऊन ती राळेगावला गेलेली, जावई एसटीत ड्रायव्हर. मुलगा गेला की काकाजींचं सुरू. त्यांना ज्वारीची भाकर तव्यावरची थेट ताटात लागायची. कमी तेलातली भाजी, मोड आलेली मटकी, काकडी, ताक. काकाजींची शुगर उतरत गेली. डॉक्टरांनी त्यांची एक गोळी कमी केली, तेव्हा त्यांनी दवाखान्यात पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही, हे सगळ्यांना सांगितलं.

एका उन्हाळ्यात ते दोघं आले तेव्हा माझं लक्ष काकूंकडे गेलं. पिशवीतली पाण्याची बाटली त्यांनी माझ्यासमोर बसल्या बसल्या संपवली. थोड्या वेळानं "बाथरूम कुठं आहे?" म्हणून उठल्या. परत आल्या आणि माझ्या टेबलावरच्या तांब्याकडे बघू लागल्या. ऊन होतं, पण एवढं पाणी उन्हाचं नव्हतं. ओठ सोललेले, गालांची हाडं वर आलेली. मी म्हटलं, "काकू, बोट द्या बरं जरा."

"माह्यं कायले?"

नर्सनं बोट टोचलं. मशीनवरचा आकडा बघितला आणि दुसरं बोट टोचलं. आकडा तोच.

काकाजी म्हणाले, "मशीन बिघडलं असन." काकू म्हणाल्या, "मले कायले शुगर होईन? मी तर गोडच खात नाई." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं. काकाजींना मी बाहेर थांबायला सांगितलं.

"काकू, दिवसभर काय खाता?"

त्या हसल्या. लाजून हसल्या, काहीतरी आगाऊ विचारल्यासारखं. "जे असते ते."

"म्हणजे? सकाळी उठल्यापासून सांगा."

उठल्यावर चहा. मुलाचा डबा झाला की चहा. काकाजींचं झालं की पुन्हा चहा, अंगात ताकद यावी म्हणून जरा जास्त साखरेचा. मग भांडी, धुणं. सगळं आटोपल्यावर दुपारी जेवण. त्यात रात्रीच्या शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, नाहीतर उरलेल्या भाताला फोडणी.

"काकाजींची भाजी नाही खात?"

"ते मोजून करतो न मी. तुमीच वाटी दाखवली. उरत नाई ते."

हे त्या तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या. हिशेब चोख ठेवल्याच्या समाधानानं बोलत होत्या. मी म्हटलं, त्यांच्या भाकरीबरोबर स्वतःसाठी एक भाकर टाका, भाजी दोन वाट्या जास्त करा, भात टाकून द्यावा लागला तरी चालेल.

"भात टाकू?" काकूंनी मान हलवली. "माह्यासाठी कोण करत बसन, मॅडम?"

"तुम्हीच करा. तवा तर तापलेलाच असतो."

"पाहू," म्हणाल्या. हे 'पाहू' मला नोकरीत फार ऐकायला मिळालं. बाई 'पाहू' म्हणाली की तिचं काही होत नाही.

पुढच्या महिन्यात त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. मुलाची सुट्टी होती म्हणून तो घरी होता. गाडीत घालून त्यानं आणल्या तेव्हा घामानं चिंब, जीभ जड, मला ओळखत नव्हत्या. शुगर पार खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले आणि पहिलं वाक्य, "गॅसवर भाजी आहे."

झालं होतं ते सरळ होतं. डॉक्टरांनी गोळी सकाळी घ्यायला सांगितली होती, काकूंनी ती सकाळीच घेतली. गोळी घेतल्यावर जेवायचं असतं, हेही त्यांना माहीत होतं, मी घोकून घेतलं होतं. पण त्या दिवशी काकाजींचे कुणी जुने सोबती आले होते. त्यांचा नाश्ता, मग काकाजींचं जेवण, मग पाहुण्यांचं. दुपार झाली. काकूंच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

काकाजींनी वॉर्डातच जाहीर केलं, "त्या गोळ्याइनं पडली. आधी धडधाकट होती. बंद त्या गोळ्या."

"काकाजी, गोळीनं नाही. उपाशी राहून पडल्या."

"घरात काय खायची कमी आहे?" ते माझ्यावर उखडले. "डबे भरले आहेत धान्याचे. तिले कोनी बांधून ठेवलं काय?"

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. नवीन गोळीनं शुगर एकदम पडण्याची भीती नव्हती. तीही घरी गेल्यावर बंद झाली, हे मला नंतर कळलं. काकाजींनी बाजारातून जांभळाच्या बियांचं चूर्ण आणून दिलं होतं. स्वतः मात्र दवाखान्याच्याच गोळ्या घेत होते, वेळेवर.

काकू दवाखान्यात यायच्या थांबल्या. काकाजी एकटेच रिपोर्ट घेऊन येत. शिकायचं ते शिकून झालं होतं, आता बायकोला सोबत आणायची गरज नव्हती. मी विचारायचे, काकू कशा आहेत? "ठीक आहे. चूर्ण देतो."

पावसाळ्यानंतर राजूरला आमचं तपासणी शिबिर होतं. काम संपल्यावर मी विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. दुपार होती. काकाजी टेबलाशी जेवत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. "या, या. पाहा, तुमी सांगतलं तसंच ताट आहे का नाई." ताट खरंच तसंच होतं. छापील तक्त्यातल्या चित्रापेक्षा देखणं. काकू आतून एकेक भाकर आणून वाढत होत्या. मला पाणी दिलं, बसा म्हणाल्या, पुन्हा तव्याकडे गेल्या.

"काकू जेवल्या?" मी विचारलं.

"जेवन न. आमचं झालं की."

मी बोलायचं ठरवून गेले होते, म्हणून बोलले. म्हटलं, "काकाजी, तुमची आणि काकूंची बिमारी एकच आहे. त्यांची जास्त आहे. तुम्ही जे खाता ते त्यांनाही लागतं, आणि वेळेवर लागतं. त्यांनी सकाळी तुमच्या आधी जेवून घेतलं तर बिघडतं कुठं?"

काकाजींनी घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही. उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "आमच्या घरात बाई मानसाच्या आधी जेवत नाई, मॅडम. तुमच्याकडं चालत असन."

'तुमच्याकडं' हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वडिलांनी कचेरीत नोकरी केली, मी शिकून कोट घालून टेबलामागे बसले, तरी तो शब्द कुठल्या ना कुठल्या दारात उभा असतोच. माझं आडनाव काकाजींनी पहिल्याच दिवशी टेबलावरच्या पाटीवर वाचलं असणार. इतके महिने माझ्या सांगण्यावर जेवत होते, आणि बायकोच्या ताटाचा विषय निघताच त्यांना माझं घर आठवलं.

आतून भाकरीचा थपथप आवाज थांबला होता. काकूंनी ऐकलं होतं. मी उठले. काकू मागून फाटकापर्यंत आल्या, हाताला पीठ तसंच.

"मॅडम, तुमी राग नका मानू. आन त्याइले बोलत नका जाऊ माह्यापायी. मंग ते दिवसभर बोलत नाई माह्याशी."

"गोळी घेता का?"

त्यांनी फाटकाची कडी लावली. "पाहू."

त्या आठवड्यात मी आईकडे घाटंजीला गेले. बाजाराचा दिवस होता. आई भाज्या निवडत बसली होती, तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती 'तुमच्याकडं' वर चिडेल. ती भाजीच्या काड्या मोडत राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडं तरी कुठं चालत होतं? सांगाचं होतं त्याले. तुह्या बापाच्या आधी मी कवा जेवलो?" आईला शुगर नव्हती. तेवढं नशीब.

थंडी नुकतीच पडायला लागली होती तेव्हा तालुक्याच्या गावी एका मंडळानं मधुमेहाच्या जनजागृतीचा कार्यक्रम ठेवला. सभागृह, बॅनर, पाहुणे. आदर्श रुग्ण म्हणून काकाजींचा सत्कार होता. आहारतज्ज्ञ म्हणून मला स्टेजवर बसवलं होतं. शाल, नारळ, रोपटं झालं, आणि काकाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते बराच वेळ बोलले. खाणीतल्या नोकरीनं शिस्त कशी लावली, जिभेवर ताबा कसा ठेवला, लग्नसमारंभात लोक ताटं भरून घेतात तेव्हा आपण पाण्याच्या ग्लासावर कसं समाधान मानतो. "मनाचा निर्धार पाहिजे," ते म्हणाले. "दुसरं काई लागत नाई." टाळ्या पडल्या. डॉक्टरांचे आभार मानले, माझेही मानले. काकू मागच्या रांगेत बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांचं नाव आलं नाही. त्यांनाही ते येईल असं वाटलं नसावं, त्या टाळ्या वाजवत होत्या.

कार्यक्रमानंतर बाहेरच्या मंडपात नाश्ता होता. मधुमेहाच्या कार्यक्रमात आलूबोंडा आणि जिलेबी. काकाजी ते खाणार नव्हते. काकूंनी त्यांच्यासाठी घरून डबा आणला होता. तो द्यायला त्या लगबगीनं मंडपाकडे निघाल्या. मी पायऱ्यांवर उभी होते. चालता चालता त्यांच्या एका पायातली चप्पल निसटून मागे राहिली. काकू तशाच पुढे. वाट गिट्टीची होती. एक पाय चपलेत, एक अनवाणी, आणि चालीत फरक नाही, तोंडावर काही नाही.

"काकू, चप्पल!"

त्या थांबल्या. खाली बघितलं. "हाव व. कवा पडली?"

पायातून चप्पल गेलेली कळत नाही म्हणजे पायाची जाणीव गेलेली असते, हे आम्हाला पुस्तकात शिकवतात. मी खाली बसून त्यांचा पाय हातात घेतला. त्या मागे ओढू लागल्या, "असं नका करू, मॅडम, लोक पाहून राह्यले." बोटांच्या खाली कातडी काळी पडली होती. मध्ये ओली जखम, वर हळद थापलेली, आणि वास येत होता.

"हे काय झालं?"

"भाजलं असन. सकाळी पानी तापवतो न बाहेर चुलीवर, तवा पाय शेकत बसतो. थंड पडतात लय. दुखत नाई पन. दुखलं असतं तर सांगतलं असतं."

मी डॉक्टरांना गर्दीतून ओढून आणलं. त्यांनी जखम बघितली आणि आजच्या आज यवतमाळला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. मी काकाजींकडे गेले. ते पाहुण्यांसोबत उभे होते, शाल खांद्यावर, फोटोवाला त्यांना डावीकडे सरकवत होता.

"काकाजी, काकूंना आत्ता न्यावं लागेल."

"फोटो होऊ द्या, मॅडम."

फोटो झाला. मग त्यांनी पाय बघितला, तोंड वाकडं केलं. "अवं, सांगाचं नाई काय?" काकूंना म्हणाले. मग मला, "सोमवारी नेतो. आता घरी पट्टी करतो." मी म्हटलं सोमवारपर्यंत थांबू नका. ते म्हणाले, उद्या भाच्याचं लग्न आहे, बायकोला न नेता गेलो तर लोक विचारतील. काकू माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, नका बोलू म्हणून.

सोमवारी नेलं नाही. मी फोन करत राहिले. कधी उचलत, कधी नाही. "सुकून राह्यलं," म्हणत. शेवटी मी मुलाला गाठलं. तो बिचारा आईच्या पायाकडे कधी बघितलंच नव्हतं म्हणाला, घरात मोजेच घालून असते म्हणे. त्यानं सुट्टी टाकली आणि नेलं. तोवर काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. आधी बोटं काढली. मग पाऊल. ती जखमही भरेना, तेव्हा गुडघ्याखालून पाय काढला.

मी भेटायला यवतमाळला गेले. काकू औषधाच्या गुंगीत होत्या. राळेगावहून मुलगी आली होती, ती उशाशी बसून रडत होती. काकाजी व्हरांड्यात बाकावर होते. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. त्यांना तसं बघून माझा राग क्षणभर ओसरला. वाटलं, आता यांना कळलं असेल. मी जवळ जाऊन बसले. ते म्हणाले,

"मॅडम, इथं कँटीनमंदी भाकर भेटत नाई. सगळा मैदा न् भात. माही शुगर वाढली असन. कोनतं खाऊ?"

मी उठून आत गेले. आहारतज्ज्ञ म्हणून नोकरीत मी उत्तर न दिलेला तो एकच प्रश्न.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी काकाजी दवाखान्यात आले. रिपोर्ट टेबलावर ठेवला, पण आधीसारखा ऐटीत नाही. शुगर भरमसाट वाढली होती. काकू मुलीकडे राळेगावला होत्या. इथे राजूरला घरात बाप-लेक, आणि कधी खाणावळीचा डबा, कधी भावजयीकडून आलेलं काहीबाही. डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं, "काय काकाजी, पथ्य सोडलं?" ते खाली मान घालून माझ्यासमोर येऊन बसले.

"असं काईतरी लिहून द्या, जे पटकन होईन."

"भाकर शिका की. मी शिकवते. पीठ, गरम पाणी, परात. अवघड नाही."

"मी?" त्यांना ते थट्टा वाटली. मग थट्टा नाही हे कळलं आणि चेहरा कडक झाला. "मॅडम, मी खानीत चारशे मानसं सांभाळली."

"मग एक भाकर सांभाळता येईल."

ते उठून गेले. नंतर त्यांनी माझी तक्रार केली. पेशंटशी उर्मटपणे बोलते, अशी. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही घरगुती बाबतीत पडू नका. तुमचं काम आहार सांगायचं." मी "हो सर" म्हटलं. कंत्राट दरवर्षी नवं करावं लागायचं, आणि सही त्यांचीच लागायची.

त्याच वर्षी काकाजींनी मुलाचं लग्न उरकलं. घाईत. मुलगा अजून थांबा म्हणत होता, आईला चालता येऊ द्या, कृत्रिम पाय बसू द्या. काकाजी म्हणाले, घरात करणारं कोणी पाहिजे. लग्नात काकूंना खुर्चीवर बसवून अक्षता टाकायला लावल्या. सून बी.ए. झालेली, हसरी, हातावरची मेंदी अजून ताजी. तिला घेऊन काकाजी दवाखान्यात आले. "हिले सांगा सगळं," म्हणाले आणि मोबाइल काढला.

ती मुलगी माझ्या हातातल्या वाटीकडे बघू लागली. मी तिला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगणं हेच माझं काम होतं. सांगून झाल्यावर विचारलं, "आणि तू? तू कधी जेवतेस?"

ती सासऱ्यांकडे बघून हसली. "सगळ्यांचं झालं की."

"हिले काई शुगर नाई," काकाजी म्हणाले. "चाल."

काकूंना भेटायला जायचं मी बरेच दिवस टाळत होते. एका सुट्टीच्या दिवशी राळेगावची बस धरली. मुलीचं घर गावाच्या कडेला, मागं सोयाबीनचं शेत. काकू ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. अंगानं भरल्या होत्या. चेहऱ्यावर तकाकी होती, जी मी राजूरला कधी बघितली नव्हती. मुलीनं रिपोर्ट दाखवला. शुगर इतकी छान होती की काकाजींच्या चांगल्या दिवसांतही तशी नसायची.

"काय करता काकू?"

"काई करत नाई," त्या म्हणाल्या. "हेच तर. काई करूच देत नाई. बसल्या जागी ताट येते. सकाळी आठालेच आनून देते पोरगी, मी नाई म्हनलं तर ओरडते. भाकर गरम. भाजी गरम." मग पायाकडे, म्हणजे पाय जिथे नव्हता तिकडे, हात फिरवत म्हणाल्या, "पाय गेला तवा कळलं मले, मॅडम. गरम भाकर अशी लागते म्हून."

मुलगी आत निघून गेली. जे मी त्यांना पहिल्यापासून सांगत होते, ते पाय कापल्यावर त्यांच्या ताटात पडलं होतं.

"काकाजी येतात?"

"फोन येते रोज. सून चांगली आहे, पन भाकर फुगत नाई म्हनते तिची. मंग मी सांगतो फोनवर, पानी किती, हात कसा. ती बिचारी करून राह्यली."

मुलीनं तेवढ्यात ताट आणलं. दोन ताटं, काकूंचं आणि माझं. भाकर, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, कांदा. आम्ही जेवायला बसलो. दुसरा घास घेतला असेल, खाटेवरचा फोन वाजला. काकूंनी बघितलं. उचलला नाही. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"उचल व," त्या मुलीला म्हणाल्या. "जेवून राह्यली म्हन."

मुलीनं सांगितलं. पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलणं ऐकू आलं, मग फोन बंद झाला. काकू खाली बघून जेवत राहिल्या. घास लवकर लवकर जाऊ लागले. मी म्हटलं, सावकाश जेवा काकू. त्या "हाव" म्हणाल्या, पण हात थांबला नाही. ताटातली भाकर अर्धी होती तेव्हाच त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला, पदराला पुसला आणि स्वतःच फोन लावला.

"हां, बोला," त्या म्हणाल्या. "जेवून राह्यली होती मी. झालं. सुनेले द्या फोन."

मला बसची वेळ झाली होती. चपला घालून निघाले तेव्हा काकू सुनेला सांगत होत्या, पाणी कडकडीत पाहिजे, पीठ गरम असतानाच मळायचं, आणि मेथीदाणे रात्री विसरू नको.